एकट्याची ईद

टेकाडावर आम्ही बारा माणसं होतो. खालच्या मोहल्ल्याची पाच, वरच्या मोहल्ल्याची पाच, तालुक्याहून आलेले काझीसाहेब आणि त्यांच्या जीपचा ड्रायव्हर याकूब. दुर्बिणी दोन. एक मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेली, दुसरी मामूंनी कुवेतहून आणलेली. एक होकायंत्र. चार मनगटी घड्याळं, त्यांतलं एक बंद. स्टीलच्या डब्यात तेहतीस खजूर, म्हणजे माणशी दोन धरले तर नऊ उरत होते. पाण्याच्या दोन कळश्या. आणि एक लाकडी खुर्ची. तिच्यावर काझीसाहेब समुद्राकडं पाठ करून बसले होते.

"साहेब, खुर्ची फिरवून देऊ?" याकूबनं विचारलं.

"राहू दे. मीच पाहिला म्हणालो तर उद्या लोक म्हणतील, काझीनं साक्षही स्वतःच दिली आणि निकालही स्वतःच. तुम्ही चंद्र बघा. मी तुम्हाला बघतो."

ती रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ होती. महिना एप्रिलचा. मी बावीस वर्षांचा होतो, भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत लागलो होतो. चंद्र दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर उद्या तिसावा रोजा आणि परवा ईद. हे सगळीकडंच असतं. आमच्या सुरवंडीत मात्र नऊ वर्षं त्यावरून गाव दोन झालं होतं.

वरच्या मोहल्ल्याचे सदर, म्हणजे जमातीचे प्रमुख, होते दाऊद परकार. माझे सख्खे मामू. बारा वर्षं कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. परतले ते एक विचार घेऊन परतले. मक्केत ज्या दिवशी ईद, त्या दिवशी साऱ्या दुनियेतल्या मुसलमानांची ईद. खालच्या मोहल्ल्याचे सदर होते माझे बाबा, गनी मापारी, उर्दू शाळेचे हेडमास्तर. त्यांचं म्हणणं, आपल्या डोक्यावरचं आभाळ सोडून दुसऱ्याच्या आभाळात कशाला बघायचं? मुंबईच्या चांद कमिटीनं सांगितलं की झालं. नऊ वर्षांत सात वेळा गावात दोन ईदा झाल्या. दोन मोहल्ल्यांच्या मध्ये एक पऱ्ह्या, म्हणजे छोटा ओढा, आहे आणि त्यावर पंधरा पावलांचा साकव. साकवाच्या वरच्या बाजूला लोक अत्तर लावून गळाभेटी घेत असायचे आणि खालच्या बाजूला तोंड सुकलेले रोजेदार त्यांच्याकडं बघत उभे असायचे.

यात सगळ्यांत जास्त ओढाताण झाली ती अम्माची. तिचं माहेर साकवापलीकडं. पहिली दोन वर्षं मामूंच्या घरून शेवयांचा डबा यायचा, तेव्हा तिचा रोजा असायचा. डबा ती संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची. तिसऱ्या वर्षी बाबा कुणापाशी तरी म्हणाले, "यांचा चांद विमानानं येतो." ते मामूंपर्यंत पोचलं. डबा बंद झाला. मामू आमची पायरी चढेनासे झाले.

त्या वर्षी रमजानच्या आधी काझी मुहियुद्दीनसाहेबांनी दोन्ही सदरांना शाळेत समोरासमोर बसवलं. सकाळी दहाला बसले ते चारला उठले. कागद झाला. सुरवंडीचा चंद्र सुरवंडीच्या टेकाडावरून बघायचा, साक्ष काझींपुढं द्यायची, काझींचा शब्द शेवटचा. ईदची नमाज ईदगाहवर, सगळ्या गावाची एकच. दोघांनी सह्या केल्या. काझीसाहेब जाताना म्हणाले, "मी एकाहत्तर वर्षांचा आहे. हा कागद यंदा मोडला तर पुन्हा तुम्हाला बसवायला मी असेन असं नाही."

आखातात त्या दिवशी सकाळीच ईद होऊन गेली होती. मामूंना कुवेतहून फोन आला होता. तरी वरच्या मोहल्ल्यानं रोजा ठेवला होता. टेकाडावर त्यांच्या पाचही जणांचे चेहरे आंबलेले होते.

सूर्य बुडायला पंचवीस मिनिटं होती. मामू आणि बाबा एकमेकांपासून चार हातांवर उभे होते, पण थेट बोलत नव्हते.

"याकूब," मामू समुद्राकडं बघत म्हणाले, "मास्तरांना विचार. कलमा एक, किताब एक, काबा एक. मग ईद दोन कशा?"

"याकूब, सदरांना सांग," बाबा म्हणाले, "काबा एकच हाय. पण तिथं सूर्य बुडतो तवा आपल्याकडं नऊ वाजून गेलेले असतात. मग उद्यापासून मगरिबची नमाज रात्री नऊला पढू या काय?"

"याकूब, नमाजीची गोष्ट वेगळी म्हणावं. मास्तर पोरांना शिकवतात तसं मना शिकवू नका."

"याकूब, त्यांना म्हणावं..."

"मी खजूर वाटू काय?" याकूब म्हणाला. "पगार गाडी चालवायचा हाय माझा, टेलिफोनचा नाय."

वरच्या मोहल्ल्याचा एक जण हसला, मग आमच्यातले दोघं. काझीसाहेबही हसले.

"दाऊदमियाँ," ते म्हणाले, "खलिफांच्या काळातसुद्धा शाममध्ये, म्हणजे सीरियात, चंद्र एका रात्री दिसला आणि मदिन्यात दुसऱ्या. मदिन्याच्या लोकांनी आपला चंद्र धरला. पण त्यावरून कुणी कुणाचा डबा बंद केला नाही."

बाबांनी चपलेनं एक खडा ढकलला.

काझीसाहेबांनी मला जवळ बोलावलं. "मास्तरांचा मुनाफ ना तू? तुझं गणित काय म्हणतं?"

मी आठवडाभर बसून काढलेला कागद वाचून दाखवला. सूर्यास्त सहा एकोणपन्नास. चंद्र सूर्यामागून त्रेचाळीस मिनिटांनी बुडणार. आभाळ स्वच्छ असेल तर सात दहाच्या सुमाराला दिसायला हवा, सूर्य बुडाला त्या जागेपासून दोन बोटं उजवीकडं, क्षितिजापासून अर्धी मूठ वर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे आभाळातले दहा अंश.

"गणितानं ईद होत नाही," ते म्हणाले. "पण कुठं बघायचं ते कळलं तर वाईट काय? सांग सगळ्यांना."

मी सांगितलं. आभाळ मात्र स्वच्छ नव्हतं. क्षितिजावर राखेच्या रंगाची ढगांची पट्टी होती, अधूनमधून फाटलेली. सूर्य तिच्यातच गेला. आम्ही रोजा सोडला, तिथंच नमाज पढलो आणि पुन्हा उभे राहिलो. बारा माणसं, अकरा तोंडं पश्चिमेला. खाली खाडीच्या मुखाशी होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. कुणाच्या तरी घरी कांदा तळत होता, त्याचा वास टेकाडावर येत होता.

सात वाजून बारा मिनिटांनी पट्टी एका जागी विरली. मी दुर्बीण होकायंत्राच्या काट्यावर धरून ठेवली होती. काचेत आधी नुसताच फिका उजेड होता. मग त्यात एक रेघ दिसली. केसाहून थोडी जाड, पाठीवर निजलेली, दोन्ही टोकं वर.

आता सांगायचं ते त्या रात्री एकाला सोडून मी तीसपेक्षा जास्त वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

मी ओरडलो नाही. प्रयोगशाळेत आम्हाला एकच गोष्ट हाडात मुरवलेली होती. एका वाचनावर विश्वास ठेवायचा नाही. मी दुर्बीण खाली घेतली, डोळे मिटले, पुन्हा लावली. रेघ तिथंच होती. होकायंत्र पाहिलं, पुन्हा लावली. तिसऱ्यांदाही तिथंच. मनात सेकंद मोजत होतो. तिसऱ्या वाचनाला चाळीस झाले होते. मग मी म्हणालो, "तो बघा."

"कुठं? कुठं?" दहा जणांची धांदल उडाली. दुर्बीण बाबांनी घेतली, त्यांच्याकडून दुसऱ्यानं ओढली. पट्टी पुन्हा मिटली होती.

"हा काय ढग हाय," कुणी तरी म्हणालं.

"त्याच्या मागं," मी म्हणालो. "आत्ता होता."

दोन मिनिटं दोन्ही दुर्बिणी ढगावरच लागलेल्या होत्या. मग मामूंनी आपली दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि मोठ्यानं म्हणाले, "मना दिसला! अल्लाहु अकबर! मना पण दिसला!"

वरच्या मोहल्ल्याच्या चौघांनी एकदम तकबीर दिली. आमच्यातल्या एकानं तर मामूंना मिठीच मारली. दोन साक्षीदार झाले होते, दोन मोहल्ल्यांचे. बाबा माझ्याकडं बघत होते. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर बरोबर आहे पण रीत दिसत नाही, तेव्हा ते असे बघत.

"खुशी थांबवा," काझीसाहेब म्हणाले. "आधी साक्ष."

साक्ष जीपमध्ये झाली, एकेकाची वेगळी. मी पहिला गेलो. काझीसाहेबांनी विचारलं, कुठं दिसला, किती वेळ, दुर्बिणीनं की डोळ्यांनी. एका वेळी एकच प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरानंतर थांबणं. माझ्या सरांनीही तोंडी परीक्षेत मला इतकं बारकाईनं तपासलं नव्हतं. मग त्यांनी एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढं केली. "काढ."

मी एक रेघ काढली. निजलेली, टोकं वर.

"बाहेर कुणाला सांगू नकोस काय काढलंस ते. दाऊदमियाँना पाठव."

मामू आत पाच मिनिटं होते. बाहेर आले ते सरळ कड्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काझीसाहेबांनी मला पुन्हा बोलावलं आणि दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले.

मामूंच्या कागदावर कोयत्यासारखा उभा चंद्र होता. भरदार, टोकं उजवीकडं. ईदच्या भेटकार्डांवर असतो तसा, वरच्या मशिदीच्या हिरव्या निशाणावर शिवलेला आहे तसा. टोकांच्या मध्ये एक चांदणीही काढली होती.

"आपल्याकडं चैत्र-वैशाखात चंद्र होडीसारखा निजून येतो," काझीसाहेब म्हणाले. "पन्नास वर्षं साक्षी घेतोय. कोळ्यांच्या पोरांनाही हे ठाऊक असतं. बारा वर्षं गोदामात बसलेल्या माणसाला कुठून असणार?"

"म्हणजे..."

"तू पाहिलास. मला शंका नाही. पण ईदच्या चंद्राला दोन साक्षी लागतात, आणि माझ्याकडं एक आहे."

"साहेब, चंद्र तिथं होता. तो मोजता येतो. दोघांनी पाहिल्यानं तो जास्त खरा होत नाही."

"नाही होत," ते म्हणाले. "पण गाव एक होतं." त्यांनी मामूंचा कागद चार घड्या करून फाडला आणि तुकडे खिशात घातले. "मी बाहेर एवढंच सांगणार, की साक्ष पुरी झाली नाही. कुणाची, का, ते सांगणार नाही. तूही सांगायचं नाहीस."

मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "एक राहिलं. आपण शाफई पंथाचे. ज्यानं ईदचा चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, त्याची उद्या ईद. ईदला रोजा ठेवणं हराम. म्हणून उद्या तू खायचंस. पण कुणाच्या नजरेला पडेल असं नाही. तुझ्या एकट्याची ईद तू एकट्यानं करायचीस."

बाहेर येऊन त्यांनी निकाल सांगितला. उद्या तिसावा रोजा. एका अक्षराचं कारण दिलं नाही. वरच्या मोहल्ल्याचा एक जण म्हणाला, "आज आमी ईद सोडून रोजा ठेवला, आनी आता चांद बघूनसुदा रोजा?" मामू कुणाकडं न बघता टेकाड उतरून गेले.

घरी पोचलो तेव्हा अम्मा सांदणांचं पीठ बघत उभी होती, टोपावर फडकं अर्धं उचललेलं. उद्याचं की परवाचं, तिला कळेना. बाबांनी नुसती मान हलवली. तिनं फडकं परत टाकलं.

सव्वाआठला अंगणात चपला वाजल्या. मामू पायरीशी उभे होते. सात वर्षांनी.

"मुनाफ हाय?"

"हाय की," अम्मा म्हणाली. "दादा, वर तर ये."

"इथं बरा हाय." पण मग चढलेच आणि पडवीतल्या बाकावर टेकले. बाबा आत होते, ते आतच राहिले. मधलं दार मात्र त्यांनी लावून घेतलं नाही.

"मशिदीत दीडशे माणसं बसलीत माझी वाट बघत," मामू मला म्हणाले. "तू फक्त माझ्याबरोबर चल. माईकवर एवढंच बोल, मी फिजिक्सचा ग्रॅज्युएट, गणित करून गेलो होतो, आणि चांद मी पाहिला. बस. खोटं बोल म्हणतोय काय मी?"

"नाय."

"काझींनी तुना खोटा ठरवलाय काय?"

"नाय."

"मग? खरं बोलायला तुना काय अडचण हाय?"

अम्मा उंबऱ्याशी उभी होती. तिच्या हाताला अजून पीठ होतं. मी साकवापलीकडं जाऊन ते एक वाक्य बोललो असतो तर ते शंभर टक्के खरं असतं, आणि त्या रात्रीच सह्यांचा कागद फाटला असता. मी तिला आत जायला खुणावलं. ती गेली.

"मामू," मी हळू आवाजात म्हणालो, "तुमी काढलेला चांद मी पाहिलाय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग खाली, आपल्या हातांकडं.

"चांदणी पण?" त्यांनी विचारलं.

"चांदणी पण."

"तू कधी खोटं बोललेलं मना आठवत नाय," ते म्हणाले. "लहानपणी फणस चोरलास तवासुद्धा विचारायच्या आधी सांगितलंस. तू म्हणालास दिसला, म्हणजे दिसला. एक साक्षीदार कमी पडत होता. मी झालो. मी खोटं नाय बोललो रे. मी तुझ्यावर भरवसा ठेवला."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"चूक माझी हाय," मी म्हणालो. "पहिल्यांदा दिसला तवाच ओरडलो असतो तर बाराच्या बारा जणांनी पाहिला असता. मी चाळीस सेकंद तपासत बसलो."

"चाळीस?"

"तीन वेळा बघितलं. खात्रीसाठी."

मामूंनी कपाळावर हात मारला. "जल्लं तुमचं शिकणं!" आणि ते हसले. वाईट हसू होतं ते, पण हसले. मग पुढं झुकले. "बरं, मग आता एकच सांग. माईकबिईक राहू दे. उद्या तू स्वतः काय करणार? तुझी उद्या ईद की रोजा?"

मशिदीत दीडशे माणसं बसली होती. आत बाबांच्या खुर्चीचा आवाज थांबला होता. काझीसाहेबांची बोटं मला अजून मनगटावर जाणवत होती.

"रोजा," मी म्हणालो.

"चांद पाहून?"

"चांद पाहून."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी नजर हलवली नाही. ती कशी हलवायची नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मग आमी काय तुझ्यापेक्षा जास्त पाहिलाय?" मामू उठले. पायरी उतरताना अम्मा पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली.

"दादा, पाणी तरी..."

"परवा," मामू म्हणाले. "परवा येतो. शेवया साजूक तुपातल्या कर, मागच्यासारखं डालडा नको." सात वर्षांपूर्वीचं ते त्यांच्या लक्षात होतं.

दहा मिनिटांनी वरच्या मशिदीचा भोंगा वाजला. मामूंचा आवाज होता. उद्या तिसावा रोजा, सहरीची वेळ अमुक. बाबा पडवीत आले, बाकावर जिथं मामू बसले होते त्याच्या शेजारी बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.

सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं. अम्मानं मला पहाटे सहरीच्या जेवणाला उठवलं नव्हतं. आमच्या घरात असं कधीच घडलेलं नव्हतं. तापातसुद्धा ती उठवून विचारायची. तिचे वडील, माझे नाना, शाफई मसल्यांचे, म्हणजे धर्मनियमांच्या बारकाव्यांचे, जाणकार होते, आणि ती त्यांच्या पुढ्यात बसून वाढली होती. तिला काझीसाहेबांनी काही सांगितलेलं नव्हतं, मीही नाही. अकरा वाजता बाबा शाळेत गेल्यावर मी भाताच्या कोठीत काही आणायला गेलो, तर कोपऱ्यात एक ताट पालथं घातलेलं. खाली वाटीभर शेवया. वर चार काजू. वाटी कोमट होती.

मी उभ्याउभ्याच खाल्ल्या. बाहेर ती सांदणांसाठी नारळ खवत होती. खवणीचा आवाज एका लयीत चालला होता. मी वाटी ठेवून बाहेर येईपर्यंत थांबला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही आणि मी तिला ईद मुबारक म्हणू शकलो नाही.

आज कुणी चंद्र बघायला टेकाडावर जात नाही. सात वाजून पाच मिनिटांनी मोबाईलवर निरोप येतो, मोहल्ल्यात पाच मिनिटं धांदल, मग बायका मेंदीला बसतात. बाबा गेले, काझीसाहेब तर केव्हाच गेले. मामूंना जाऊन सहा वर्षं झाली. अम्मा आहे, पण तिला आता आठवत नाही. म्हणून त्या दुसऱ्या संध्याकाळचं लिहून ठेवतो.

तिसाव्याच्या संध्याकाळी चंद्राची शंका नव्हती, महिना पुरा झालाच होता. तरी सारं गाव टेकाडावर लोटलं. मी दोनशे चाळीसपर्यंत मोजली माणसं आणि सोडून दिलं. दोन्ही मोहल्ल्यांची पोरं एकमेकांच्या टोप्या उडवत होती. सूर्य बुडाला तेव्हा मामू माझ्या शेजारी होते. त्यांनी एक खजूर माझ्या हातावर ठेवला. "सोड रोजा," म्हणाले. मी तो तोंडात टाकला.

आभाळ लख्ख होतं. चंद्र शोधावा लागलाच नाही. तो पाठीवर निजलेला, टोकं वर, चांगला जाड, मुठीपेक्षाही खूप उंच. गाव एकदम ओरडलं. बाबा मामूंपाशी आले. मध्ये याकूब होता, तो पटकन बाजूला झाला. "दाऊदभाई," बाबा म्हणाले. मामूंनी त्यांना मिठी मारली. माझ्या वडलांची टोपी पडली, ती तशीच पडू दिली.

खाली दोन्ही मशिदींच्या भोंग्यांवर एकच वेळ सांगू लागले. सकाळी साडेआठ, ईदगाह. एकाचा आवाज दुसऱ्याच्या मागून अर्धा सेकंद येत होता. लोक उतरू लागले. काझीसाहेबांना बाबांनी हाताला धरून नेलं.

मी तिथंच बसलो. मामूही थांबले. चंद्राकडं बघत होते.

"असाच होता कालचा?"

"असाच. बारीक."

"निजलेला."

"होय."

ते बाजूला खडकावर टेकले. "लोक म्हणत होते, पहिल्याच दिवसाचा एवढा मोठा कसा," ते म्हणाले. "तुझं गणित काय म्हणतं? पहिला चांद सूर्य बुडल्यावर जास्तीत जास्त किती वेळ टिकतो?"

"एक तास वीस मिनिटं. त्याच्या पुढं गेला तर तो दुसऱ्या दिवसाचा."

"घड्याळ हाय ना तुझ्याकडं?"

"हाय."

"सूर्य किती वाजता बुडाला?"

"सहा एकोणपन्नास."

मामूंनी खिशातून टॉर्च काढला. घरी चला म्हणून खालून कुणी तरी हाक मारली, त्यांनी हातानंच जा म्हणून सांगितलं. वारा पडला होता. खाडीच्या पाण्यावर उजेडाची पट्टी आखूड होत गेली, मग नारिंगी झाली. चंद्राची होडी पाण्याला टेकली, अर्धी बुडाली, एक टोक राहिलं आणि तेही गेलं. मामूंनी टॉर्च माझ्या मनगटावर धरला आणि स्वतः वाकून पाहिलं.

आठ वाजून तेवीस मिनिटं. एक तास चौतीस.